टेबलावरची सामुद्रधुनी

माहेर आणि सासर यांच्यामध्ये डोंगर किंवा नदी असलेल्या बायका पुष्कळ असतात. आत्याच्या वाट्याला समुद्र आला होता, आणि तोही असा की ज्याच्यावर सहा देशांचा डोळा आणि सातव्याची वाकडी नजर. इतकी वर्षं तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. फेरीबोटीत बसायचं, पिशवीतलं विणकाम काढायचं, मोज्याची टाच वळेपर्यंत माहेर आलेलं असायचं. या खेपेला मात्र धक्क्यावर तिची पिशवी उलटीपालटी झाली आणि शिपायाने थर्मासचं झाकण उघडून आत नाक खुपसलं.

"रिकामा आहे," आत्या म्हणाली.

"रिकामा थर्मास घेऊन समुद्र ओलांडता?"

"माझ्या भावाचा आहे. परत करायला आणलाय."

शिपाई तिच्याकडे बघतच राहिला. आता या बापड्याला सांगायला सुरुवात तरी कुठून करायची, असं तिला झालं.

पायलट म्हटलं की लोक आभाळाकडे बघतात. आत्याच्या माहेरचे आणि सासरचे पायलट पाण्यातले. परमुलखाचं जहाज कितीही मोठं असो, इथल्या अरुंद सामुद्रधुनीची खबर त्याच्या कप्तानाला नसते. मग काठावरचा पायलट छोट्या बोटीने जातो, दोरशिडीने वर चढतो आणि त्या अगडबंब जहाजाला हाताला धरून पार नेतो. अर्धं पाणी या काठचं, अर्धं त्या काठचं, मध्ये एक वळण. आबांच्या, म्हणजे आत्याच्या वडिलांच्या, काळापासूनची रीत अशी की वळणावर पायलट बदलायचा. आपला उतरायचा, त्यांचा चढायचा. चढणाऱ्याने येताना चहाचा थर्मास आणायचा आणि उतरणाऱ्याच्या हातात द्यायचा, कारण तो बिचारा वाऱ्यात उभा राहून गारठलेला असतो. त्यामुळे या काठचे थर्मास त्या काठच्या फळ्यांवर आणि तिकडचे इकडे, हे चालूच असायचं. आत्याचं लग्नसुद्धा त्यातूनच जमलं. पलीकडचा एक तरुण पायलट थर्मास परत करायला जातीने घरी येऊ लागला, आणि पुढे पुढे तर कधी न नेलेले थर्मासही परत करू लागला. तेव्हापासून त्याचं नाव या काठावर 'जावईबापू'. वायरलेसवर बसणारी माणसंही त्याला तसंच पुकारत.

हे सगळं उद्यापासून बंद होणार होतं. दोन्ही देशांनी एकाच आठवड्यात फर्मान काढलं होतं की पाणी आमचं, जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचाच पायलट नेईल.

घर होतं तिथेच होतं, पायलटांच्या कचेरीच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात खुंट्यांवर रेनकोट, खाली बुटांची रांग, आणि सगळ्याला डिझेलचा नि ओल्या लोकरीचा वास. दारात थोरला भाऊ उभा होता. तो आजच निवृत्त झाला होता, पण लोक त्याला मरेपर्यंत कप्तानच म्हणणार होते.

"आलीस? मला वाटलं सोडणार नाहीत."

"तुझ्या निरोपाचं जेवण, दादा. मी काय पोहत आले असते."

"गुडघे कसे आहेत, ते विचार आधी. शिडीने मला निवृत्त केलंय, सरकारने नाही," कप्तान म्हणाला आणि तिची पिशवी घेऊन जिना चढताना दोनदा थांबला.

वहिनी स्वयंपाकघरात मासे तळत होती. आत्याने पोचा आलेला थर्मास ओट्यावर ठेवला. वहिनीने तो बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"हा कशाला परत आणलात, वन्सं?"

"आता देवघेव बंद ना. ज्याचं त्याला."

वहिनीने झारा खाली ठेवला, दार लोटून घेतलं. ती आडपडदा ठेवणारी बाई नव्हती, पण आज तिचा आवाज दबका होता. "उद्या सकाळी गॅसचं जहाज येतंय. पहिलंच. सरळ पार न्यायचंय, तुमच्या काठच्या पायलटाशिवाय. कोण नेणार माहीत आहे?"

"कोण?"

"आपली भिंगरी."

भिंगरी म्हणजे भावाची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं नाव. पायलटाचा परवाना तिला या वर्षीच मिळाला होता, आणि वळणाच्या पलीकडे तिने कधी जहाज नेलं नव्हतं. या काठच्या कोणीच नेलं नव्हतं.

"तिकडचं पाणी कसं आहे, वन्सं? एवढंच सांगा."

वळणाच्या पलीकडे पाण्याखाली वाळूचा एक दांडा होता. नकाशात तो वर्षानुवर्षं एकाच जागी होता, आणि हिवाळ्यातल्या वादळांनी तो तिथून हलवला होता. मोरीत पाय धुताना नवरा म्हणाला होता, "दांडा सरकलाय. मोठा वळसा घ्यावा लागतो आता." बोलून झाल्यावर त्याने स्वतःच खिडकी लावून घेतली होती. पाण्याच्या खोलीबद्दल परक्याशी अवाक्षर काढलं तर तुरुंग, असा तिकडचा नवा कायदा होता. चहाच्या टपरीवर बडबडलेला एक पायलट अजून आतच होता.

"पाणी पाण्यासारखं," आत्या म्हणाली.

वहिनीने तिच्याकडे असं बघितलं की आत्याला दुसरीकडे बघावं लागलं. ही पोर जन्मली तेव्हा कप्तान समुद्रावर होता आणि तिला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते आत्याने. इकडे आड, तिकडे विहीर, आणि आतला जीव पोरीसाठी तुटत होता.

जेवणाचं टेबल आबांचं होतं. लांब, जाड फळ्यांचं, मध्ये लाकडाची एक गाठ. या घरातलं प्रत्येक मूल सामुद्रधुनी याच टेबलावर शिकलं होतं. स्वयंपाकघराकडची कड आपला काठ, खिडकीकडची कड पलीकडचा. गाठ म्हणजे वळण. पाण्याचा जग म्हणजे दीपगृह. आणि मिठाची चिनीमातीची बरणी म्हणजे दांडा; ती गाठीच्या पलीकडे, ठरलेल्या जागी ठेवायची. कोणी चुकून दुसरीकडे ठेवली तर आबा जेवण थांबवायचे. "बुडवलंस जहाज," म्हणायचे, आणि बरणी जागेवर गेल्याशिवाय घास उचलायचे नाहीत. लग्न झाल्यापासून आत्याला खिडकीकडेच बसवायची थट्टाही तेव्हाचीच.

आजही ती खिडकीकडे बसली. समोर भिंगरी. कडेला धाकटा भाऊ, जो राजधानीत मंत्रालयात सागरी धोरणाचं काम बघत असे. घरात त्याला सगळे सल्लागार म्हणत, कधी कौतुकाने, कधी चिडून. आज दुसऱ्या प्रकारचा दिवस होता.

"हा सगळा समुद्र म्हणजे एक खोली समजा," सल्लागाराने भाताचं पातेलं टेबलाच्या टोकाला सरकवलं. "सहा देश आत राहतात. धान्य, तेल, गॅस, सगळं या एका दारातून जातं-येतं. खालून केबली गेल्यात. आणि बाहेर हे," त्याने रश्श्याचं भांडं दाराशी आणून ठेवलं. "सातव्याचं आरमार. बेटाच्या आडोशाला नांगर टाकून बसलंय. कशाची वाट बघतंय?"

"रस्सा गार व्हायची," वहिनी म्हणाली.

"वहिनी, मी गंमत करत नाहीये. ते म्हणतायत, हे दोन देश भांडतात, दार धोक्यात आहे, राखायला आम्ही येतो. एकदा आले की जाणार नाहीत. मग ना दादाची कचेरी राहील, ना ताईच्या नवऱ्याची. उद्या एक मोठं जहाज आपण नीट पार नेलं तर जगाला दिसेल की दार राखायला घरातलेच समर्थ आहेत."

"आणि पलीकडच्यांनीही हेच ठरवलंय," कप्तान म्हणाला. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. दोघं मिळून नेत होतोच की."

"ते मी सांगून बघितलं, दादा. सहा महिने सांगत होतो. कोणी ऐकलं नाही." धाकट्याचा आवाज एकदम थकलेला आला. आत्याने त्याच्याकडे नीट बघितलं. कानशिलं पांढरी झाली होती. लहानपणी तापात तिचाच हात धरून झोपणारा हा भाऊ. तो काही वैरी नव्हता.

"मग दुसऱ्या कोणाला तरी पाठवा," वहिनी म्हणाली. "माझीच पोर कशाला?"

"मी मागितलं, आई." भिंगरीने मान वर केली. "बाबांचे गुडघे गेले. बाकीचे दोघं नाही म्हणाले. या घराने नाही म्हटलं तर कोण जाणार? नकाशा आहे, यंत्रं आहेत. मला जमेल."

"बघा! तुम्हीच डोक्यावर चढवलीत," वहिनी नवऱ्यावर घसरली.

"मी शिडीवर चढवली," कप्तान म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं नाही. मग मुलीकडे वळून म्हणाला, "दाखव. कशी नेशील?"

भिंगरीने चमचा घेतला. चमचा म्हणजे जहाज. पाण्याच्या जगाला उजवीकडे ठेवून तो टेबलाच्या मधोमध निघाला. तिचा हात सुरेख चालत होता, आबांसारखा, न अडखळता. गाठीशी तिने वेग कमी केला, वळण घेतलं आणि मिठाच्या बरणीला बेताचं अंतर ठेवून चमचा पलीकडच्या पाण्यात घातला. नकाशाप्रमाणे अगदी बिनचूक. आत्याला दिसत होतं ते असं की चमचा वाळूत रुतलाय, गॅसचं जहाज कलंडलंय आणि तिच्या लेकरासारखी पोर त्याच्या वरच्या मजल्यावर आहे.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. पण दोन घरचं मीठ खाल्लेल्या बाईने कोणत्या मिठाला जागायचं, ते कोणी सांगत नाही.

"मीठ देता जरा इकडे?" ती म्हणाली. भिंगरीने बरणी दिली. आत्याने भातावर चिमूटभर मीठ घातलं, ज्याची भाताला काही गरज नव्हती. मग बरणी टेबलावर ठेवली. जुन्या जागेपासून चार बोटं स्वतःकडे, खिडकीच्या बाजूला.

कप्तानाचा घास हातातच राहिला. भिंगरी बरणीकडे बघत होती, मग आत्याच्या हाताकडे, मग पुन्हा बरणीकडे. आणि आत्याच्या लक्षात आलं की सल्लागारही बघतोय. तोही याच टेबलावर वाढला होता. त्याच्या कानावर गेलं म्हणजे सरकारच्या कानावर गेलं. आपण नवऱ्याला विकलं, असं तिच्या मनात आलं.

सल्लागाराने हात लांब केला. बरणी उचलली. आपल्या ताटात मीठ घेतलं, आणि बरणी शांतपणे जुन्या जागी, आबांच्या जागी, ठेवून दिली.

"दांडा नकाशात इथे आहे," तो ताटाकडे बघत म्हणाला. "नकाशा चुकीचा आहे असं मला कोणी सांगितलेलं नाही. कोणी सांगितलं असतं तर मला वर कळवावं लागलं असतं."

"बरोबर," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"आणखी एक. फर्मान मीच लिहिलंय. पायलटाला शंका आली तर तो कुठेही जहाज थांबवू शकतो, हा जुना नियम त्यात काढायचा राहून गेला."

"तू काही काढायचं विसरलास, हे मला पटत नाही," वहिनी म्हणाली. इतका वेळ ती त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. आता तिने त्याच्या ताटात माशाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

भिंगरीने चमचा उचलून पुसून ठेवला. निघताना आत्याने तिला जवळ घेतलं आणि कानाशी म्हणाली, "थांबशील ना?"

"बघू, आत्या," पोरगी म्हणाली. डोळ्यांत पहिल्या मोठ्या जहाजाची हाव होती. ती हाव आत्या ओळखत होती. तिच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या डोळ्यांत तिने ती बघितली होती.

पलीकडच्या धक्क्यावर जावईबापू तिला घ्यायला आले होते. धक्का मागे पडेपर्यंत तिने धीर धरला, मग रस्त्यातच सांगून टाकलं.

"मी मीठ हलवलं."

ते थांबले. सासुरवाडीचं टेबल त्यांनाही पाठ होतं. रागावतील, असं तिला वाटलं होतं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "किती?"

"चार बोटं. आपल्या बाजूला."

जावईबापूंनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "अगं, ते मागच्या महिन्यातलं. काल बघून आलो मी. दांडा परत फिरलाय, त्यांच्या बाजूला. तू दाखवलेल्या जागेला वळसा घालून पोरगी गेली तर सरळ त्याच्यावर चढेल."

रस्त्यात कोणाच्या तरी भिंतीचा आधार घेऊन आत्या खाली बसली. फोन करायचा तर फोनवर दोन्हीकडचे कान. वायरलेसवर तर सगळ्या जगाचे. मौन पाळलं असतं तर निदान नकाशाचा दोष झाला असता. आता पोर बुडाली तर आत्याच्या हाताने बुडणार होती.

"मला सांगितलं का नाहीत?" ती रडतच म्हणाली.

"तुला तुरुंगात जायला लागू नये म्हणून," ते म्हणाले आणि तिच्या शेजारी भिंतीशी बसले.

सकाळी आत्या गच्चीवर होती. धुकं विरळ झालं आणि जहाज दिसलं, पांढऱ्या गोल टाक्यांचं, गावाएवढं. खाली पायलटांच्या धक्क्यावर जावईबापू रेनकोट घालून उभे होते. कोणतीही बोट सोडायची नाही, असं बंदर अधिकारी येऊन बजावून गेला होता. तरी ते उभे होते, काखेत थर्मास धरून, तीस वर्षांच्या सवयीने.

जहाज वळणाशी आलं. आत्याने कठडा घट्ट धरला. थांब, ग, थांब, ती मोठ्याने म्हणत होती. शेजारची बाई कपडे वाळत घालायची थांबली आणि बघू लागली. जहाज पुढेच येत होतं. मग त्याच्या नाकापुढचं पांढरं पाणी हळूहळू मावळलं. डोलकाठीवर पिवळ्यानिळ्या पट्ट्यांचं निशाण चढलं, ज्याचा अर्थ जगातल्या सगळ्या समुद्रांत एकच होतो: पायलट हवा. आणि माहेरच्या नाही, सासरच्या काठाच्या बाजूने दोरशिडी खाली सुटली.

अधिकाऱ्याने जावईबापूंचा दंड धरलेला तिला दिसला. जावईबापू त्याला काहीतरी सांगत होते. नंतर कळलं ते असं: "साहेब, गॅस भरलेला आहे. ते इथे फुटलं तर तुमचा हुकूम वाचायला कोणी उरणार नाही." अधिकाऱ्याचंही घर धक्क्याजवळच होतं. त्याने हात सोडला.

बोट जहाजाला चिकटली. एक माणूस शिडीने वर गेला. खाली मात्र कोणी उतरलं नाही.

दुपारच्या बातम्या आत्याने दोन्ही काठांच्या लावल्या. दोन्हीकडच्या निवेदकांनी छाती फुगवून एकच बातमी दिली, की आपल्या शूर पायलटाने गॅसचं जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत सुखरूप नेलं. कोणीच खोटं बोलत नव्हतं. बेटाच्या आडोशाला बसलेल्या आरमाराबद्दल कोणी काही सांगितलं नाही. ते अजून तिथेच असणार.

जावईबापू संध्याकाळी आले. उद्या त्यांना कार्यालयात बोलावलं होतं, जाब द्यायला. ते त्यांनी बूट काढता काढता सांगितलं.

"आणि पोरगी? पोरगी काय म्हणाली?"

"वर पोचलो तर म्हणाली, आतोबा, सुकाणू तुमचं, मी बाजूला उभी राहून शिकते. उतरायला तयार नाही. म्हणाली, हुकूम आहे, शेवटपर्यंत राहायचंय." त्यांनी दुसरा बूट काढला. "मग वळण पार झाल्यावर म्हणाली, आत्याला सांगा, मी मिठाच्या बरणीवर भरवसा ठेवून पुढे जाणारच होते. पण बरणी ठेवताना तिचा हात थरथरला. त्या टेबलावर आत्याचा हात थरथरलेला मी कधी बघितला नव्हता. तेव्हा म्हटलं, जिला ठाम माहीत नाही तिच्यापेक्षा ज्याला माहीत आहे त्यालाच बोलवावं."

आत्याने पदराने डोळे पुसले. पुन्हा पुसले.

"थांबायचं ठरवूनच आली होती," जावईबापू म्हणाले. "वर चढल्यावर मी थर्मास दिला, तर तिनेही आणलेला. रीत मोडून. धर."

तो पोचा आलेला थर्मास होता. आत्याने झाकण उघडलं. तळाशी वहिनीच्या हातचा चहा उरला होता, पार गार झालेला. तिने तो ओतून दिला नाही. भांड्यात घालून गरम केला, दोन कपांत अर्धा अर्धा ओतला, आणि दोघं जण खिडकीशी बसून प्यायले.